क्रियेच्या आतून, क्रियेच्या बाहेरून

इंग्रजी ही ज्यांची मातृभाषा, अशी तीन लहान मुले आपापल्या घरी काय आणि कसे बोलतात याच्या नोंदी हार्वर्ड विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ रॉजर ब्राउन यांनी सहकाऱ्यांच्या साहाय्याने दीर्घकाळ ठेवल्या, आणि १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या 'अ फर्स्ट लँग्वेज' या ग्रंथात त्यांचे विवेचन केले. ज्या १४ प्रत्ययांचा व लहान शब्दांचा त्यांनी मागोवा घेतला, त्यांपैकी मुलांच्या बोलण्यात सर्वांत आधी स्थिरावतो तो क्रिया चालू असल्याचे दाखविणारा 'इंग' हा प्रत्यय, असे त्यांना आढळले. परंतु याहूनही विलक्षण बाब अशी की, 'गो'चे भूतकाळी रूप 'गोएड' असे करणारी, म्हणजे नियमाचा अंमल जेथे चालत नाही तेथेही तो बसविणारी ही मुले, 'नो' किंवा 'वाँट' यांसारख्या क्रियापदांना मात्र हा 'इंग' जवळजवळ कधीच जोडीत नाहीत. जी चूक इंग्रजी घरातले दोन-तीन वर्षांचे मूल करीत नाही, ती आपल्याकडे अनेक वर्षे इंग्रजी शिकून पदवी घेतलेला, बुद्धीने तल्लख आणि अभ्यासात कसूर न करणारा तरुण 'आय अ‍ॅम नोइंग हिम', 'आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स' अशा वाक्यांत सहज करून जातो. तिचा दोष आजवर आपण त्या तरुणाच्या माथी मारीत आलो. माझ्या मते तो त्याला शिकविलेल्या नियमाचा आहे.

तो नियम सर्वांना पाठ आहे: जे नेहमी घडते ते साध्या काळात सांगावे, जे या क्षणी चालू आहे ते अपूर्ण काळात सांगावे. या नियमाने निवडीचा सारा भार घड्याळावर टाकला, आणि वस्तुतः घड्याळाचा या निवडीशी संबंध फार थोडा आहे. 'इट रेन्ड' आणि 'इट वॉज रेनिंग' ही दोन्ही वाक्ये काल सायंकाळी एकाच वेळी पडलेल्या एकाच पावसाविषयी खरी असू शकतात. पाऊस तोच, वेळ तीच, बदलते ती बोलणाऱ्याची उभे राहण्याची जागा. गडावरून पाहणाऱ्याला पायथ्याचे गाव वेशीसकट, पूर्ण आकाराने दिसते, आणि त्याच गावाच्या गल्लीत उभ्या असलेल्याला दोन्ही बाजूंची घरे दिसतात पण वेस दिसत नाही, तसाच हा भेद आहे. साधे रूप क्रियेकडे बाहेरून, आदि-अंतासह पाहते. अपूर्ण रूप आपल्याला क्रियेच्या पोटात नेऊन उभे करते व तिचा शेवट दृष्टीआड ठेवते. भाषाशास्त्रज्ञ याला काळापासून वेगळे काढून 'अ‍ॅस्पेक्ट' म्हणतात, आणि बर्नार्ड कॉम्री यांचा याच नावाचा १९७६ सालचा ग्रंथ या विषयाच्या अभ्यासकाला आजही चुकविता येत नाही. एखादा मनुष्य नदीत 'ड्राउन्ड' अशी जबानी साक्षीदाराने दिली तर पंचनामा प्रेताचा होईल; 'वॉज ड्राउनिंग' अशी दिली तर तो मनुष्य पुढे कोणी ओढून काढला असून न्यायालयाच्या आवारात हजर असण्याचाही संभव आहे.

मग 'नो' या क्रियापदाला हा प्रत्यय का चालत नाही? याचे उत्तर शोधताना हंगेरीत जन्मलेले तत्त्वज्ञ झेनो व्हेंडलर यांच्या १९५७ सालच्या 'व्हर्ब्ज अँड टाइम्स' या निबंधाकडे जावे लागते. क्रियापदांची त्यांनी चार कुळे पाडली. जाणणे, आवडणे, मालकीचे असणे या अवस्था. धावणे, गाडी ढकलणे हे नुसते व्यापार, ज्यांना स्वतःचा असा शेवट नाही. वर्तुळ काढणे, घर बांधणे या निश्चित अंताकडे जाणाऱ्या क्रिया. आणि शिखर गाठणे, हरवलेली वस्तू सापडणे या क्षणात घडून जाणाऱ्या घटना. गाडी ढकलणाऱ्याला मध्येच थांबविले तरी त्याने गाडी ढकलली हे खरेच राहते. वर्तुळ काढणाऱ्याचा हात मध्येच धरला तर तो वर्तुळ काढीत होता हे खरे, पण त्याने वर्तुळ काढले हे खोटे. जे वर्तुळ अस्तित्वातच आले नाही, ते तो काढीत होता असे आपण कोणत्या आधारावर म्हणतो, या प्रश्नाला डेव्हिड डाउटी यांनी १९७७ साली अपूर्णतेचा विरोधाभास म्हणून मांडले, आणि तर्कशास्त्रज्ञांना त्याने पुढे बराच काळ गुंतवून ठेवले. अवस्थांची गोष्ट याहून सरळ आहे. अवस्थेला आरंभ, मध्य, प्रगती असे टप्पेच नसतात. एखाद्याला ओळखण्याच्या मध्यावर कोणी नसतो. जेथे आत शिरण्याजोगे अंतरंगच नाही, तेथे आतून पाहणारे रूप इंग्रजी वापरीत नाही. याच कारणाने 'यू आर फूलिश' म्हणजे स्वभावच तसा, आणि 'यू आर बीइंग फूलिश' म्हणजे तूर्त तसे वागणे चालले आहे. 'आय लिव्ह इन पुणे' म्हणणाऱ्याचे बिऱ्हाड पुण्यात कायम, 'आय अ‍ॅम लिव्हिंग इन पुणे' म्हणणाऱ्याचा तेथे मुक्काम.

आपली खरी अडचण अशी की, मराठीलाही हा भेद उत्तम ठाऊक आहे, परंतु तिने त्याची हद्द वेगळ्या जागी आखली आहे. 'तिने निळी साडी नेसली आहे' हे वाक्य घ्या. नेसण्याची क्रिया पुरी झाली आणि तिच्यातून उत्पन्न झालेली अवस्था आता टिकून आहे, असे मराठी सांगते; 'नेसत आहे' म्हटले की निऱ्या अजून हातात आहेत. इंग्रजी मात्र साडी अंगावर असण्याच्या त्या अवस्थेलाच तात्पुरता व्यापार मानते आणि 'शी इज वेअरिंग' म्हणते. मराठी मुलगी मात्र 'आहे'च्या आधी 'नेसली' पाहून प्रामाणिकपणे 'शी हॅज वोर्न' लिहिते आणि तिच्या वहीवर तांबडी रेघ येते. 'आजोबा आरामखुर्चीत बसले आहेत', 'बाळ झोपले आहे', 'पाहुणे दारात उभे आहेत' या सर्वांची तीच कथा: आपल्याकडे पूर्णत्व किंवा नुसते असणे, त्यांच्याकडे 'सिटिंग', 'स्लीपिंग', 'स्टँडिंग'. रस्त्यात भेटलेल्याला आपण 'कुठे निघालात?' असे भूतकाळी रूपाने विचारतो, आणि माजघरातून हाक आली की जागचे न हलता 'आलो, आलो' म्हणतो. इंग्रज दोन्ही ठिकाणी 'गोइंग' आणि 'कमिंग' म्हणेल. उलट बाजूने 'मला दिसत आहे', 'मला वाटतंय', 'तुमचे म्हणणे पटतंय' अशा ठिकाणी मराठी अवस्थांनाही बिनदिक्कत अपूर्ण रूप देते, आणि तेथूनच 'आय अ‍ॅम सीइंग', 'आय अ‍ॅम थिंकिंग दॅट' जन्माला येतात. दादोबा पांडुरंग तर्खडकरांच्या १८३६ सालच्या व्याकरणापासून मोरो केशव दामल्यांच्या १९११ सालच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'पर्यंत आपल्या वैयाकरणांनी मराठी क्रियापदाच्या रूपांचा केवढा तरी सूक्ष्म विचार केला आहे. त्या विचाराला इंग्रजीच्या तासाला प्रवेश नसावा, याचे मला मनापासून वाईट वाटते. फळ्यावर प्रथम साडीचे वाक्य लिहून मग इंग्रजी रूपाकडे वळणारा शिक्षक जे दहा मिनिटांत साधेल, ते 'नाऊ' आणि 'एव्हरी डे' या खुणेच्या शब्दांची घोकंपट्टी वर्षभरात साधत नाही.

एका ठिकाणी मात्र दोन्ही भाषा अगदी एकमेकींच्या हातात हात घालून चालतात. जुन्या खरेदीखताच्या मायन्यात जमीन देणारा 'खरेदीखत लिहून देतो' असे म्हणतो, मंत्रिपद स्वीकारणारा 'शपथ घेतो' असे म्हणतो. हे चालू क्षणी घडत असूनही साध्या रूपात आहे, कारण येथे उच्चार हीच क्रिया आहे आणि उच्चार संपताच ती पुरी झालेली आहे. ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ साली हार्वर्ड येथे दिलेल्या व्याख्यानांत अशा उक्तींचे विश्लेषण केले, आणि 'आय प्रॉमिस' म्हणणारा वचन देतो, तर 'आय अ‍ॅम प्रॉमिसिंग' म्हणणारा आपण काय करीत आहोत याचे केवळ वर्णन करतो, हा त्यातलाच भेद होय. क्रिकेटच्या इंग्रजी समालोचनात गोलंदाज 'रन्स इन' आणि 'बोल्स', असे साधे रूप येते, त्यामागेही घटना आणि तिचा उच्चार एकाच मापाचे असणे हेच कारण आहे.

हा सगळा भेद केवळ व्याकरणाच्या दफ्तरातला नसून मनाच्या व्यवहारातही उतरतो, हे अलीकडच्या प्रयोगांनी दाखविले आहे. मॅडन आणि झ्वान यांच्या २००३ सालच्या प्रयोगात, क्रिया पुरी झाल्याचे सांगणारे साधे भूतकाळी वाक्य वाचल्यावर वाचक पूर्ण झालेल्या क्रियेचे चित्र अधिक त्वरेने निवडीत. अपूर्ण रूप वाचल्यावर अशी तफावत दिसली नाही. हायडेलबर्ग येथे क्रिस्तियाने फॉन श्टुटरहाइम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, कोणी रस्त्याने एखाद्या ठिकाणाच्या दिशेने चालले आहे अशा प्रकारच्या छोट्या चित्रफिती दाखवून काय चालले आहे ते सांगण्यास लोकांना सांगितले. अपूर्णतेचे स्वतंत्र, सक्तीचे व्याकरणिक रूप ज्या भाषेत नाही ती जर्मन बोलणारे गंतव्य स्थानाचा उल्लेख अधिक वेळा करीत, तर इंग्रजी बोलणारे चालण्यावरच थांबत. सर्वांत विचार करायला लावणारा प्रयोग फॉसी आणि मॅटलॉक यांचा, २०११ सालचा. निवडणुकीला उभ्या असलेल्या एका काल्पनिक उमेदवाराने तोंड बंद ठेवण्याचे पैसे 'टुक' असे काहींना वाचावयास दिले, व 'वॉज टेकिंग' असे इतरांना. दुसऱ्या गटाला तो पुन्हा निवडून येणार नाही याची खात्री अधिक वाटली, आणि त्याने घेतलेल्या रकमेचा त्यांचा अंदाजही मोठा निघाला. आरोप एकच, पण ज्याचा शेवट दाखविलेला नाही ते दुष्कृत्य वाचकाच्या मनात चालूच राहिले.

इंग्रजीतही ही व्यवस्था सनातन नाही. इसवी सन १६०० च्या सुमारास लिहिलेल्या 'हॅम्लेट'मध्ये पोलोनियस हॅम्लेटला तो काय वाचतो आहे हे विचारतो ते साध्या रूपात, आणि तेव्हाच्या श्रोत्याला त्यात काही वावगे वाटण्याचे कारण नव्हते. 'द हाउस इज बीइंग बिल्ट' ही रचना अठराव्या शतकाच्या अखेरीस वापरात येऊ लागली. त्यापूर्वी 'द हाउस इज बिल्डिंग' म्हणत, आणि १८७० सालीसुद्धा अमेरिकन टीकाकार रिचर्ड ग्रँट व्हाइट यांनी नव्या रचनेवर कडक हरकत घेतली होती. मुंबईचे बेने इस्रायली कवी निस्सीम एझिकेल यांनी 'गुडबाय पार्टी फॉर मिस पुष्पा टी. एस.' या कवितेत भारतीय 'इंग'चा विनोदासाठी वापर केला, तो वाचून आपण हसतो. पण आता अवस्थांना 'इंग' लावण्याची लकब खुद्द इंग्रजांच्या बोलण्यातही वाढत आहे. फरक इतकाच की, त्यांच्या 'आय अ‍ॅम लव्हिंग इट'मध्ये सध्यापुरता उत्कट असा आस्वाद असतो, आणि आपल्या 'आय अ‍ॅम हॅविंग अ हाउस'मध्ये तसा कोणताही अर्थ नसतो. ऐकणाऱ्या इंग्रजाला ते घर तात्पुरते आहे की काय, अशी शंका मात्र येते. विनंतीच्या पत्रांत तर त्यांनी या रूपाला एक नाजूक काम दिले आहे. 'आय होप यू विल कम' यात आशा पुरी मांडून झालेली असते आणि समोरच्याला तिचा जाब द्यावा लागतो. 'आय अ‍ॅम होपिंग' म्हटले की ती अजून आकार घेत असते. आणि 'आय वॉज होपिंग' म्हणणारा तिला भूतकाळात ढकलून, आपण नाही म्हणालात तरी हरकत नाही, हे न उच्चारता सांगून टाकतो.