ग्वाल्हेर ते पुणे : विमानाने अंतर किती, वेळ किती?



आपल्या मंडळातील अनेक घरांची मुले आज नोकरी-शिक्षणासाठी पुण्यात आहेत आणि आई-वडील येथे लष्करात. लग्नकार्याला रेल्वेचे आरक्षण महिनोन्‌महिने आधी करता येते. आजारपणाचा फोन मात्र सांगून येत नाही. तेव्हा पहिला प्रश्न असतो, "किती वेळात पोहोचू?" म्हणून हा हिशेब आधीच करून ठेवलेला बरा.

अंतर

ग्वाल्हेरचा राजमाता विजयाराजे सिंधिया विमानतळ महाराजपुऱ्याला, पुण्याचा लोहगावला. दोन्ही हवाई दलाच्या तळांवर आहेत आणि दोन्हींच्या नव्या टर्मिनलचे उद्घाटन एकाच दिवशी, १० मार्च २०२४ रोजी झाले. त्यांच्यातील सरळ हवाई अंतर सुमारे ९६५ कि.मी. आहे. मुंबईचे अंतरही जवळपास तेवढेच, सुमारे ९७० कि.मी. झाशी, भोपाळ, इटारसी, भुसावळ, मनमाड असा वळसा घेणारी रेल्वे मात्र साडेबाराशे कि.मी.हून जास्त धावते.

वेळ

जेट विमान उंचीवर ताशी सुमारे ८०० कि.मी. वेगाने जाते. म्हणजे सव्वा तास पुरायला हवा. पण धावपट्टीपर्यंत जाणे, चढणे, उतरणे यांत अर्धा-पाऊण तास जातो. त्यामुळे थेट उड्डाणाला पावणेदोन ते दोन तास धरावेत. तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतची असते.

घरापासून घरापर्यंतचा हिशेब वेगळा. महाराजपुऱ्याला पोहोचायला पाऊण तास, उड्डाणाआधी दीड-दोन तास, प्रवास दोन तास, सामान घेऊन बाहेर पडायला अर्धा तास, पुण्याच्या रहदारीत एक तास. एकूण सुमारे सहा तास. गाडीने केवळ स्टेशन ते स्टेशन २० ते २४ तास लागतात.

थेट विमान नसेल तर

वेळापत्रके ऋतूनुसार बदलतात, थेट विमान रोज असेलच असे नाही. मग दोन वाटा उरतात. दिल्लीमार्गे जाताना आधी उलट्या दिशेला २७५ कि.मी. आणि मग ११५५ कि.मी., म्हणजे सुमारे १४३० कि.मी. होतात. इंदूरमार्गे ४६७ आणि ५०० मिळून ९६७ कि.मी. म्हणजे इंदूर जवळजवळ सरळ वाटेवरच आहे! शिंदे, होळकर आणि पेशवे यांची गावे नकाशावर अशी एका रेषेत येतात.

तरीही वाट निवडताना कि.मी. पाहू नयेत, मधल्या थांब्याचे तास पाहावेत. दिल्लीहून पुण्याला दिवसभर विमाने असतात, त्यामुळे लांबची वाट कधी लवकर पोहोचवते. दोन्ही टप्पे शक्यतो एकाच तिकिटावर घ्यावेत. पहिले विमान उशिरा आले तर पुढची सोय विमान कंपनी पाहते. वेगवेगळी तिकिटे असतील तर दुसरे बहुधा वाया जाते.

ज्येष्ठांसाठी चाकाची खुर्ची हवी असल्यास तिकीट काढतानाच सांगावे. आणि घरातल्या एकाने थेट, दिल्लीमार्गे व इंदूरमार्गे अशा तिन्ही वाटांच्या चालू वेळा फोनजवळ लिहून ठेवाव्यात. घाईच्या रात्री हा कागद फार उपयोगी पडतो.