अरण्याचे वेळापत्रक

‘राष्ट्रीय उद्यान’ हे शब्द कानावर पडले, की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे एखादी मोठी बाग उभी राहते. बाग म्हटली म्हणजे तिला कमान असावयाची, बसावयास बाके असावयाची आणि मनाला येईल तेव्हा आत शिरून मनाला येईल तिकडे भटकावयाची मोकळीक असावयाची. भिंगारसारख्या गावी राहणाऱ्या मुलांची अशी समजूत झाली, तर त्यात त्यांचा काही दोष नाही. भिंगार हे जुने गाव. १४९० मध्ये अहमदनगर शहर वसू लागले, त्याही पूर्वीचे. गावाला लागून लष्कराची छावणी आहे, जवळच भुईकोट किल्ला आहे. पण पाऊस बेताचा आणि माळ उघडा. बाभूळ, बोर आणि कडुनिंब यांपलीकडे झाडांची दाटी सहसा दिसत नाही. वाघ राहतो ते रान कसे असते आणि तेथे जावयाचे तर कसे, हे आपल्या अंगणात उभे राहून कळणे कठीण.

वन्य प्राणी पाहण्याची हौस मात्र जिल्ह्यातही भागू शकते. कर्जत तालुक्यात रेहेकुरी येथे काळविटांचे अभयारण्य आहे. भिंगारहून ते सुमारे ८० किलोमीटर. सकाळी निघावे आणि दिवे लागणीला घरी यावे. १९८० मध्ये स्थापन झालेले हे अभयारण्य अवघे सव्वादोन चौरस किलोमीटरांचे आहे. मनोऱ्यावर चढून पाहिले, की गवतात पिंगट माद्यांचा कळप आणि त्यांत काळ्या पाठीचा, पीळदार शिंगांचा एखादा नर दिसतो. माणसाची चाहूल लागताच कळप उड्या घेत दूर जातो. तेथे जाण्यास मोठा बेत आखावा लागत नाही. पोळीभाजीचा डबा, पाण्याची बाटली आणि थोडा धीर एवढे पुरते.

वाघाच्या रानाची गोष्ट निराळी आहे. महाराष्ट्रातील सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबा. ते १९५५ मध्ये जाहीर झाले. त्या वेळी चंद्रपूर हे मध्य प्रदेशात होते. उद्यानाचे क्षेत्र सुमारे ११६ चौरस किलोमीटर आहे. त्याला लागूनच १९८६ मध्ये अंधारी नदीच्या नावाने अभयारण्य झाले आणि पुढे दोन्ही मिळून ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प उभा राहिला. अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान यांत कायद्याने भेद केला आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे अभयारण्यात गुरे चारण्यास काही मर्यादेत संमती मिळू शकते. राष्ट्रीय उद्यानात ती मुळीच मिळत नाही. तेथे जमीन, गवत, पाणी हे सारे प्रथम प्राण्यांचे. माणसाने जावयाचे ते पाहुणा म्हणून, आणि तेही यजमानाच्या सवडीने.

ही सवड पाळावयाची म्हणजे काय, ते आम्हांला स्वतःच्या चुकीतून कळले. काही वर्षांपूर्वी भिंगारच्या आम्ही दहा माणसांनी ताडोबास जाण्याचे ठरविले. सर्वप्रथम आम्ही आगगाडीची तिकिटे काढली, कारण प्रवास म्हटला की तिकिटे आधी, अशी आपली रीत. नगरहून मनमाड, तेथून भुसावळ, अकोला, बडनेरा असे करीत वर्धा आणि मग चंद्रपूर, असा हा साडेसातशे किलोमीटरांहून अधिक लांबीचा प्रवास. सोमवारी रात्री आम्ही मोठ्या उत्साहाने चंद्रपुरास उतरलो. दुसरा दिवस मंगळवारचा. मंगळवारी ताडोबाचे दरवाजे पर्यटकांसाठी बंद असतात! आमच्यापैकी एकानेही हे आधी विचारलेले नव्हते. संपूर्ण दिवस खोलीत बसून काढावा लागला. सोबतच्या मुलांनी तोंडे पाडली, आणि त्यांना काय सांगावे हे कोणाही वडीलधाऱ्याला सुचेना.

तेव्हा अशा प्रवासाचा बेत उलट्या टोकाकडून आखावा. आरंभ करावयाचा तो प्राण्याच्या दिनक्रमापासून. वाघ, सांबर, गवा हे प्राणी उन्हाच्या वेळी दाट सावलीत पडून राहतात. त्यांची हालचाल असते ती पहाटे आणि सायंकाळी. म्हणून उद्यानात प्रवेश मिळतो तोही दोनच वेळा. पहिली फेरी उजाडताच सुरू होते आणि सकाळी दहाच्या सुमारास आटोपते. दुसरी दुपारी तीनच्या आगेमागे निघते आणि दिवस मावळण्याच्या सुमारास दारापाशी परत येते. ऋतूप्रमाणे या वेळा थोड्या बदलतात. सकाळच्या फेरीला जावयाचे, तर आदली रात्र दाराजवळच्या गावी काढणे भाग आहे. चंद्रपूरहून पहाटे निघून वेळेवर पोहोचू, असा भरवसा धरू नये.

दिनक्रमानंतर ऋतूचा विचार. जुलैपासून सप्टेंबरअखेर गाभ्याचे रान पर्यटकांना बंद असते. मातीचे रस्ते चिखलाने भरतात, आणि त्या काळात रानालाही विसावा मिळतो. ऑक्टोबरात दारे उघडतात तेव्हा गवत पुरुषभर वाढलेले असते. त्याच्या आड वाघ हाताच्या अंतरावर असला तरी दिसावयाचा नाही. हिवाळ्यात पहाटेची थंडी उघड्या गाडीत अंगाला चांगलीच बोचते, पण तलावांवर पाहुणे पक्षी उतरलेले असतात. एप्रिल-मे महिन्यांत गवत वाळते, झाडांची पाने गळतात आणि पाणी मोजक्या ठिकाणी उरते. तहानेला सर्वच प्राणी तेथे येतात. प्राणी पाहण्यास हा काळ सर्वांत चांगला. परंतु चंद्रपूरचे ऊन सोसणे सोपे नव्हे. तेथे पारा ४५ अंशांच्याही वर चढतो. आपल्याकडील मुलांना सुटी मिळते ती दिवाळीत किंवा मे महिन्यात. लहान मुले बरोबर असतील, तर मी स्वतः दिवाळीची सुटी पसंत करीन, मग वाघ दिसो वा न दिसो.

त्यानंतर दार ठरवावे लागते. ताडोबाच्या गाभ्यात शिरण्यास मोहर्ली, खुटवंडा, कोलारा, नवेगाव, पांगडी आणि झरी अशी सहा प्रवेशद्वारे आहेत. चंद्रपूरकडून येणाऱ्यास मोहर्ली सोयीचे. नागपूरहून चिमूरच्या वाटेने येणाऱ्यास कोलारा जवळचे. नकाशावर ही दारे जवळजवळ दिसतात, पण रानाला वळसा घालून एका दारावरून दुसऱ्या दाराशी जाण्यात बराच वेळ मोडतो. परवाना ज्या दाराचा असेल, त्याच दाराशी आपला मुक्काम असावा. प्रत्येक दारातून एका फेरीला ठरावीक संख्येनेच गाड्या सोडतात. परवाना वन विभागाकडे कित्येक दिवस आधी नोंदवावा लागतो, आणि नोंदविताना जे ओळखपत्र दिले असेल, तेच दारावर दाखवावे लागते. परवाना हाती आल्यानंतर आगगाडीचे तिकीट काढावे. आम्ही नेमके याच्या उलट केले होते.

बुधवारी पहाटे अखेर आम्ही मोहर्लीच्या दाराशी उभे राहिलो. तेथे उघड्या जिप्सी गाड्या रांगेने उभ्या होत्या. एका गाडीत सहा पर्यटक बसतात. शिवाय चालक आणि वाटाड्या. आमच्या दोन गाड्या झाल्या. वाटाड्या आपण निवडावयाचा नसतो. पाळीप्रमाणे जो येईल तो आपला. हे वाटाडे बहुधा आसपासच्या गावांतील तरुण असतात, आणि अलीकडे त्यांत स्त्रियाही आहेत. आमची वाटाडी तरुण मुलगी होती. गाडीत बसताच तिने मोबाइल फोन काढून ठेवण्यास सांगितले, कारण आत त्यांच्या वापरास मनाई आहे. आमच्यातील एकाच्या अंगातील लालभडक सदऱ्याकडे पाहून ती हसली आणि आपल्याजवळची खाकी शाल तिने त्यांना पांघरावयास दिली.

नंतर तिने नियम सांगितले. ते थोडे होते, पण प्रत्येकामागे कारण होते. गाडीतून पाय खाली टाकावयाचा नाही. उघड्या गाडीतील माणसे आणि गाडी मिळून वाघाला एकच मोठी, ओळखीची वस्तू वाटत असावी. सहसा तिच्याकडे तो दुर्लक्ष करतो. पायी चालणारे माणूस मात्र त्याला निराळे दिसते. नोव्हेंबर २०२१ मध्ये याच रानात वाघांच्या खुणांची पायी नोंद करीत असताना एका महिला वनरक्षकावर वाघिणीने हल्ला केला आणि तीत त्यांचा मृत्यू झाला. रान जाणणाऱ्या माणसावर असा प्रसंग ओढवू शकतो, हे ऐकून आमच्या मुलांचे पाय आपोआप आत ओढले गेले.

प्राण्यांना खाऊ घालावयाचा नाही, हा दुसरा नियम. हा निष्ठुरपणा नव्हे. अमेरिकेतील यलोस्टोन हे १८७२ मध्ये स्थापन झालेले जगातील पहिले राष्ट्रीय उद्यान. तेथे एके काळी प्रवासी मोटारीतून हात बाहेर काढून अस्वलांना खाद्य देत. अस्वले रस्त्यावर भीक मागू लागली आणि खाद्य न मिळाल्यास अंगावर येऊ लागली. १९३१ ते १९६९ या काळात तेथे दरवर्षी सरासरी ४८ माणसे अस्वलांकडून जखमी झाली. पुढे खाद्य देणे कडक उपायांनी बंद केले, तेव्हा अस्वले पुन्हा रानातले अन्न शोधू लागली. दक्षिण आफ्रिकेतील क्रूगर उद्यानात आजही लोक स्वतःची मोटार घेऊन हिंडतात. तेथील विस्तीर्ण प्रदेशाला ते परवडते. ताडोबाचे रान लहान आणि दाट. येथे ती मोकळीक चालावयाची नाही. येथे प्राण्यापासून किमान २० मीटर अंतर राखावयाचे आणि त्याची वाट अडवावयाची नाही. रानातील सर्वच रस्ते पर्यटकांसाठी नसतात. २०१२ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्याचा एक-पंचमांशाहून अधिक भाग पर्यटनासाठी खुला करता येत नाही.

गाडी सुरू झाली. दोन्ही बाजूंना साग, ऐन, मोह, तेंदू आणि जिकडेतिकडे बांबूची बने. मधूनच एखादा पांढऱ्याफटक खोडाचा कांडोळ उभा. रस्त्याच्या कडेने ठरावीक अंतरावर जुने दगडी खांब दिसतात. ते गोंड राजांच्या काळातले आहेत आणि त्यांच्या आधारे दोर व घंटा बांधून निरोप धाडीत असत, असे सांगतात. खरोखर घंटा वाजली, तर आता सर्वांत आधी वानरे पळतील.

वानरांवरून आठवले. रानात हिंडताना डोळ्यांइतकेच कान उपयोगी पडतात, ही गोष्ट आम्हांला नवी होती. वाघ वा बिबट्या दिसला, की झाडावरचे वानर खरखरीत आवाजात खोकल्यासारखे ओरडते. चितळ तीक्ष्ण शीळ घातल्यासारखी हाक देते. या दोघांची कधीकधी फसगत होते. पण सांबराची घुमणारी ‘ढाँक’ सहसा खोटी ठरत नाही, असे वाटाडीने सांगितले. मधूनमधून ती गाडी थांबवी, यंत्र बंद करावयास लावी, आणि आम्ही सारे नुसते ऐकत बसत असू. एका ठिकाणी तिने धुळीतील मोठा, गोलसर ठसा दाखविला. त्याच्या कडा अजून ढासळल्या नव्हत्या, त्यावर पान किंवा किड्याची रेघही नव्हती. म्हणजे वाघ नुकताच येथून गेलेला. ठसा आमच्याच दिशेने चालला होता. मुलांनी माना वळवून मागे पाहिले. मागे फक्त रस्ता होता.

तलावाशी पोहोचलो तेव्हा ऊन चढले होते. ताडोबा तलावाच्या काठी झाडाखाली ताडोबाचे देवस्थान आहे. तारू नावाचा गावप्रमुख वाघाशी झुंजताना मारला गेला आणि त्याचे हे स्थान झाले, अशी आख्यायिका आहे. पाण्याकाठी एक ओंडका पडलेला दिसला. दुर्बीण लावल्यावर तो ओंडका नसून मगर आहे, हे ध्यानात आले. तेथेच वाटाडीने आम्हांला एक माहिती दिली. या रानाच्या आत पूर्वी गावे होती. बोटेझरी, नवेगाव, जामणी येथील कुटुंबांना शेते आणि घरे सोडून रानाबाहेर वसावे लागले, तेव्हा कोठे ही कुरणे चितळांना आणि गव्यांना मोकळी झाली. ती म्हणाली, “तुम्ही पाहता ते गवत कोणाच्या तरी शेतात उगवलेले असू शकते.” त्यानंतर आमच्या गाडीत बराच वेळ कोणी बोलले नाही.

त्या दिवशी चितळांचे कळप, दोन गवे, रानकुत्र्यांची एक टोळी आणि झाडाच्या ढोलीत बसलेले घुबड पाहावयास मिळाले. परत फिरलो तेव्हा साडेनऊ वाजून गेले होते. दार दोन किलोमीटरांवर राहिले असेल, तोच डाव्या हाताच्या बांबूच्या बनातून मोठा आवाज आला, ढाँक! क्षणभराने पुन्हा तोच आवाज. सांबर होते, आणि अगदी जवळ होते. लहानग्या मुलाने उभे राहून चालकाचा खांदा धरला. “काका, थांबा ना! वाघच आहे तो!”

चालकाने घड्याळाकडे पाहिले, मग वाटाडीकडे. तिने मान हलविली. “दार दहाला बंद होते, बाळा,” ती म्हणाली. मागे सांबर ओरडतच होते. गाडी तशीच दाराकडे निघाली.