नेत्रभिंगाचे वार्धक्य

शरीरातील बहुतेक अवयवांत जुन्या पेशी झडून त्यांच्या जागी नव्या येण्याचा शिरस्ता जन्मभर चालू असतो. परंतु बाहुलीच्या मागे बसविलेले, सुमारे नऊ-दहा मिलिमीटर व्यासाचे जे पारदर्शक नेत्रभिंग, त्याला तो लागू नाही. त्याच्या पृष्ठभागी नवे तंतू आयुष्यभर तयार होतात, आणि जुने बाहेर पडण्यास वाव नसल्याने कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणे आत दबत जातात. म्हणून ऐंशी वर्षांच्या वृद्धाच्या भिंगाचा गाभा मातेच्या उदरात घडलेला तोच असतो.

प्रकाश निर्वेधपणे पार जावा यासाठी या तंतूंनी आपली पेशीकेंद्रके गमावलेली असतात आणि भिंगात एकही रक्तवाहिनी नसते. त्याचे पोषण भोवतालच्या जलद्रवावरच चालते. अर्थात ज्या साधनांनी इतर पेशी आपली झीज भरून काढतात, तीच या तंतूंपाशी उरत नाहीत, आणि त्यांतील प्रथिने एकदा बिघडली की बदलली जात नाहीत. पारदर्शकतेचे हे मोल भिंगाला उतारवयात चुकते करावे लागते.

किरणांना वळविण्याचे सुमारे दोन-तृतीयांश काम डोळ्याचा दर्शनी पारपटल करतो. तथापि अंतरानुसार दृष्टी जुळवून घेण्याचा अधिकार भिंगाकडेच आहे. १८०१ साली टॉमस यंग या इंग्रज शास्त्रज्ञाने स्वतःचा डोळा पाण्यात ठेवून पारपटलाचा प्रभाव नाहीसा केला, आणि तरीही जवळचे-दूरचे पाहण्याची शक्ती कायम राहते हे पाहून त्याचे श्रेय भिंगाला दिले. पुढे १८५५ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी तिची क्रिया उलगडली: भोवतालचा स्नायू आकुंचला, की भिंगाला ताणून धरणारे सूक्ष्म तंतू सैल पडतात, आणि भिंग आपल्या अंगच्या लवचिकपणाने फुगून अधिक बहिर्गोल होते. दहा वर्षांचे मूल सात-आठ सेंटिमीटरांवरील अक्षरही स्पष्ट वाचते, ते या लवचिकपणामुळेच. तो मात्र बालपणापासूनच ओसरू लागतो, चाळिशीत वर्तमानपत्र हातभर दूर धरावे लागते, आणि साठीपर्यंत ही शक्ती जवळजवळ संपुष्टात येते. यात मुख्य दोष स्नायूचा नसून कठीण झालेल्या भिंगाचा असल्याने डोळ्यांच्या व्यायामाने ती परत येत नाही; चष्मा हाच तिचा साधा बंदोबस्त.

त्यानंतर भिंग पिवळसर होऊन निळा प्रकाश अडवू लागते आणि बिघडलेली प्रथिने एकत्र गोळा झाली की मोतीबिंदू दिसू लागतो. मधुमेह, धूम्रपान, प्रखर ऊन आणि स्टेरॉइडचे दीर्घ सेवन यांनी तो लवकर येतो. अपारदर्शक भिंग सुईने बाजूस सारण्याची क्रिया सुश्रुतसंहितेत वर्णिलेली आहे. पण काढलेल्या भिंगाच्या जागी कृत्रिम भिंग बसविण्याचा मान लंडनच्या हॅरल्ड रिडली यांचा. युद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत शिरलेले विमानाच्या छताचे पर्स्पेक्सचे तुकडे डोळा निमूटपणे सहन करतो, हे त्यांनी हेरले आणि १९४९ साली त्याच द्रव्याचे भिंग रुग्णाच्या डोळ्यात बसविले.

मोतीबिंदू विरघळविणारे खात्रीचे औषध आजही उपलब्ध नाही, म्हणून थेंबांच्या जाहिरातींवर विसंबू नये. तो ‘पिकण्याची’ वाट पाहण्याचा जुना सल्लाही आता कालबाह्य झाला आहे. फार कठीण झालेला मोतीबिंदू काढणे अधिक जोखमीचे असते, आणि क्वचित त्यातून डोळ्यातील दाब वाढून दृष्टी कायमची जाते. घरातील वडीलधाऱ्यांना दिव्यांभोवती वलये दिसू लागली किंवा जिन्याच्या पायऱ्या चाचपाव्या लागल्या, तर ‘वयच झाले’ असे म्हणून स्वस्थ न बसता त्यांना नेत्रतज्ज्ञाकडे न्यावे.