दोन मिनिटकाट्यांचं घड्याळ

इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात जुन्या धान्यबाजाराच्या इमारतीवर एक अजब घड्याळ आहे. तासकाटा एक, पण मिनिटकाटे दोन! आणि दोघांत दहा मिनिटांचा फरक. मग बरोबर कोण? दोघंही!

पूर्वी गावोगावची घड्याळं सूर्याचं ऐकायची. तो डोक्यावर आला की बारा वाजले. पूर्वेकडच्या गावात सूर्य आधी डोक्यावर येतो, पश्चिमेकडे नंतर. एका रेखांशामागे चार मिनिटं. ब्रिस्टल लंडनच्या पश्चिमेला साधारण अडीच रेखांश, म्हणून तिथले बारा दहा मिनिटं उशिरा. घोडागाडीनं रमतगमत जाणाऱ्याला त्याचं काय सोयरसुतक?

पण मग आली आगगाडी. १८४० साली ग्रेट वेस्टर्न रेल्वेनं ठरवलं, आमच्या सगळ्या स्टेशनांवर लंडनचीच वेळ. आता ब्रिस्टलचे काका आपल्या घड्याळात बारा बघून बाराच्या गाडीला गेले, तर गाडी दहा मिनिटांपूर्वीच पसार! म्हणून तो जादा काटा: एक गावाचा, एक गाडीचा. शेवटी १८५२ मध्ये शहरानं लंडनची वेळ मान्य केली.

तिकडे कापडगिरण्यांनीही लोकांना घड्याळाला जुंपलं होतं. घरच्या मागावर विणणारा विणकर वाटेल तेव्हा उठायचा. गिरणीत मात्र एकच वाफेचं इंजिन चामडी पट्ट्यांनी शेकडो माग फिरवायचं. ते सुरू झालं की सगळे हजर हवेत, नाहीतर पगाराला कात्री! गजराचं घड्याळ गरिबाला कुठून परवडणार? मग उठवणारी माणसंच निघाली. लांब काठीनं वरच्या मजल्याची खिडकी टकटकवायची, थोडे पैसे घ्यायचे. कुणी तर नळीतून सुके वाटाणे फुंकून काचेवर मारायचे. (नोकरी असावी तर अशी!)

मुंबईच्या गिरणगावात हे काम भोंग्यानं केलं. लालबाग-परळ त्याच्या आवाजावर उठायचं. भारतभर एकच वेळ १९०६ मध्ये आली, तरी मुंबईकर हट्टाला पेटले. सरकारी वेळेपेक्षा ३९ मिनिटं मागे असलेला 'बॉम्बे टाइम' शहरात १९५५ पर्यंत टिकला.

३९च का? भारताची वेळ ८२.५ रेखांशावरून ठरते, मुंबई आहे साधारण ७२.८ वर. करा वजाबाकी, गुणा चारानं!