पिंपरीचा कॅम्प आणि लोदची घरं

लग्नाचा बस्ता बांधायला चाकण, खेड, मावळातली कुटुंबं आजही पिंपरी कॅम्पात येतात. दिवाळीच्या आधी शगुन चौकात पाय ठेवायला जागा नसते. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांसाठी ही वसाहत उभी राहिली. हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना पिंपरीत आला १९५४ साली आणि एमआयडीसीची स्थापना तर १९६२ची. म्हणजे या उद्योगनगरीत निर्वासित आधी आले, भोंगे नंतर वाजले. आज त्या निर्वासितांची नातवंडं दुकानदार आहेत, डॉक्टर आहेत, नगरसेवकही आहेत.

१९४७-४८ या त्याच दोन वर्षांत, ब्रिटिशांनी असंच घाईघाईने अंग काढून घेतलेल्या दुसऱ्या एका मुलखातून जे बाहेर पडले, त्यांची नातवंडं मात्र अजून निर्वासितच आहेत. पॅलेस्टिनींसाठी संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर १९४९ मध्ये तात्पुरती म्हणून काढलेली ‘अन्र्वा’ ही संस्था आजही चालू आहे. तिच्या दप्तरी सुमारे ५९ लाख नावं आहेत. गाझा, वेस्ट बँक, जॉर्डन, लेबनॉन आणि सीरिया मिळून ५८ छावण्या आहेत. इस्रायल-पॅलेस्टाइनचं भांडण आपल्याकडे लगेच धर्मावर नेतात. मला ते आधी सातबाऱ्याच्या अंगाने पाहावंसं वाटतं.

पहिल्या महायुद्धात तुर्कांकडून पॅलेस्टाइन ब्रिटिशांच्या ताब्यात गेलं. १९१७च्या बाल्फोर जाहीरनाम्याने तिथे ज्यूंना ‘राष्ट्रीय घर’ द्यायचं वचन दिलं, तेव्हा तिथे दहातले नऊ रहिवासी अरब होते. पुढे हिटलरने साठ लाख ज्यू मारले. वाचलेल्यांना दार उघडायला बहुतेक देश तयार नव्हते. त्यामुळे ज्यूंना स्वतःचा देश हवा होता हे खरं आणि तो ज्या जमिनीवर हवा होता तिथे माणसं राहत होती हेही खरं. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी संयुक्त राष्ट्रांनी फाळणीचा ठराव केला. भारताने विरोधात मत दिलं. आपली फाळणी होऊन साडेतीन महिनेच झाले होते. इराण आणि युगोस्लाव्हियाबरोबर भारताने एकाच संघराज्याची योजना मांडली होती, ती कोणी मनावर घेतली नाही. ज्यू नेत्यांनी फाळणी स्वीकारली, अरबांनी नाकारली, युद्ध झालं. १४ मे १९४८ला इस्रायल जाहीर झालं. युद्ध थांबेपर्यंत सात लाखांच्या आसपास पॅलेस्टिनी घराबाहेर होते.

यानंतरची कायद्यांची गोष्ट फारशी सांगितली जात नाही. पळून गेलेल्यांच्या मागे राहिलेल्या घरा-जमिनींसाठी भारताने १९५० साली कायदा केला. आपल्याकडे अशा मालमत्तेला निष्क्रांत मालमत्ता म्हणतात. पाकिस्तानातही तसाच बंदोबस्त होता. त्याच वर्षी इस्रायलनेही ‘गैरहजर’ मालकांच्या मालमत्तेचा कायदा केला. साचा बराचसा सारखाच होता : मालक गेला, मालमत्ता सरकारी कस्टोडियनकडे. पण कराचीचं घर गमावलेल्या सिंध्याला घटनेच्या सहाव्या कलमाने भारताचं नागरिकत्व दिलं आणि १९५४च्या कायद्याने नुकसानभरपाईची वाट दिली. ती अपुरी होती, रखडली, पण दावा लावायला एक कचेरी होती. पॅलेस्टिन्याला तीही नव्हती. परत जायचं असेल त्याला जाऊ द्यावं, नसेल त्याला भरपाई द्यावी, असं संयुक्त राष्ट्रांच्या डिसेंबर १९४८च्या ठरावात लिहिलं होतं, ते लिहिलेलंच राहिलं. जॉर्डनने नागरिकत्व दिलं, लेबनॉनने ते तर नाकारलंच, शिवाय कित्येक व्यवसायांची दारंही लावून घेतली. अरब भाऊबंदांनी पॅलेस्टिनींचं दुःख भाषणांत पुष्कळ वापरलं. उलट बगदाद, कैरो, येमेनमधून घरंदारं सोडून निघालेल्या लाखो ज्यूंना इस्रायलने उतरताक्षणी नागरिक करून घेतलं.

यावर हमखास येणारा शेरा असा : सिंध्यांनी विसरून नवा संसार मांडला, मग यांना काय झालं? सिंधी विसरले, हे ज्याने चेटीचंडची मिरवणूक पाहिली आहे त्याने तरी म्हणू नये. त्यांना मतदार होता आलं, हा फरक मोठा आहे. शिवाय १९४८ला आज इस्रायलमध्ये असलेल्या लोद किंवा जाफातून निघून गाझाच्या छावणीत पोहोचलेला माणूस १९६७च्या युद्धानंतर त्याच इस्रायली सैन्याच्या अमलाखाली आला. पिंपरीच्या सिंध्यावर अशी वेळ कधी आली नाही.

लोदचं नाव मी मुद्दाम घेतलं. जुलै १९४८ मध्ये लोद आणि शेजारच्या रामलेमधून पन्नास हजारांहून अधिक पॅलेस्टिनींना हुसकावलं गेलं. पुढे याच गावांत वसवलेल्या ज्यूंमध्ये आपली कोकणातली बेने इस्रायल मंडळीही होती. अलिबाग, रोहा, पेणची रोहेकर, पेणकर आडनावं अशी तिकडे पोहोचली. त्यांचंही सोपं नव्हतं. हे अस्सल ज्यू आहेत का, अशी शंका तिथल्या धर्मपीठाने काढली आणि लग्नं अडू लागली. या मंडळींनी जेरुसलेममध्ये आंदोलन केलं, तेव्हा कुठे १९६४ साली इस्रायली संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचा निर्वाळा दिला. आज तिथे भारतीय वंशाचे सुमारे ८५ हजार ज्यू आहेत, बहुसंख्य महाराष्ट्रातले. ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक त्यांनी तिथे चालवलं. या मराठी माणसाने कोणाला हुसकावलं नव्हतं. सरकारने दिलेल्या गावात तो राहायला गेला. त्या गावाचा आधीचा रहिवासी, त्याच्या मुलाबाळांसह, अजून कुठेतरी छावणीत होता. दोघांचंही खरं मानल्याशिवाय या भांडणाचा एक धागाही सुटत नाही आणि नेमकं तेच दोन्हीकडच्या कडव्यांना नको असतं.

७ ऑक्टोबर २०२३ला हमासने सुमारे बाराशे माणसं मारली, अडीचशेच्या आसपास ओलीस नेली. त्यानंतर इस्रायलच्या हल्ल्यांत, गाझाच्या आरोग्य खात्याच्या हिशेबाने, साठ हजारांहून अधिक पॅलेस्टिनी मेले. इस्रायलमध्ये बांधकामावर जाणाऱ्या हजारो पॅलेस्टिनी मजुरांचे परवानेही बंद झाले. इमारती अर्धवट राहिल्या, तेव्हा इस्रायलने भारताकडे माणसं मागितली. पहिल्या फेरीत दहा हजारांवर कामगार निवडले गेले. पगार महिन्याला १ लाख ९२ हजार. चाकणच्या कंत्राटी कामगाराला हा आकडा ‘महिन्याचा’ म्हणून ऐकायची सवय नाही. सप्टेंबर २०२४ची भरती पुण्यात औंधच्या सरकारी आयटीआयमध्ये झाली. पिंपरीहून हे ठिकाण फार लांब नाही. शटरिंग, सळई वाकवणं, प्लास्टर आणि टाइल्स अशा चार कामांची परीक्षा होती. हीच कामं ऑक्टोबर २०२३च्या आधी वेस्ट बँकेतून पहाटे नाक्यावर रांगा लावून येणारे पॅलेस्टिनी करत होते.