न पोहोंचणारीं पत्रें

लहान व्यापाऱ्याचा किंवा कारखानदाराचा पुष्कळसा व्यवहार आतां ई-मेलवर चालतो. दरपत्रक, मागणी, बिल, पैशांची पोंच, सारें कांहीं त्याच मार्गानें जातें. अशा वेळीं एखादें पत्र गिऱ्हाइकाकडे पोहोंचलेंच नाहीं, तर गिऱ्हाइकास वाटतें कीं दुकानदार बेपर्वा आहे, आणि दुकानदारास वाटतें कीं गिऱ्हाईक दुसरीकडे वळलें. दोघांचाही अपराध नसतां संबंध तुटतो. पत्र परत आलें, तर निदान कळतें तरी. परंतु तें समोरच्याच्या ‘स्पॅम’च्या खणांत मुकाट्यानें जाऊन पडलें, तर कोणालाच पत्ता लागत नाहीं. म्हणून ज्या पेढीनें स्वतःचा मेल-सर्व्हर ठेविला आहे, तिनें या प्रकाराचीं कारणें नीट समजून घेणें अगत्याचें आहे.

मूळ कारण जुनें आहे. एस. एम. टी. पी. या नांवानें ओळखले जाणारे या टपालाचे नियम जॉन पोस्टेल यांनीं १९८२ सालीं लिहून प्रसिद्ध केले. त्या काळीं जाळ्यास जोडलेलीं यंत्रें थोडीं होतीं व त्यांचे चालक एकमेकांवर विश्वास ठेवीत. पाठविणारानें पत्रावर कोणाचेंही नांव घातलें, तरी तें खरें कीं खोटें हें पडताळण्याची तजवीज त्या नियमांत नव्हती. पुढें जाहिरातबाजांनीं व ठकांनीं या उणिवेचा मनमुराद लाभ उठविला. परिणामीं आज प्रत्येक मोठा सर्व्हर अनोळखी पत्राकडे संशयानेंच पाहतो. बाजारांत जशी पत लागते, तशी ती आतां टपालांतही लागते. पत्र न पोहोंचणें हा बहुधा यंत्राचा बिघाड नसून पतीचा प्रश्न असतो.

पत्रें जाईनाशीं झालीं म्हणजे कित्येक लोक घाबरून सर्व्हरची सारी मांडणी एकदम बदलूं लागतात. हें अनिष्ट होय. प्रथम परत आलेली सूचना व सर्व्हरची नोंदवही शांतपणें वाचावी. नकाराचा आंकडा ४ नें सुरू होत असेल, तर अडचण तात्पुरती आहे असें समजावें. कांहीं सर्व्हर अनोळखी पाहुण्यास मुद्दामच ‘थोड्या वेळानें या’ असें सांगतात. प्रामाणिक सर्व्हर पुन्हा येतो, घाईनें लाखों पत्रें उधळणारा ठक बहुधा येत नाहीं. नियमांप्रमाणें चार-पांच दिवस प्रयत्न चालूं ठेवावयाचा असतो. आंकडा ५ नें सुरू होत असेल, तर नकार ठाम आहे, आणि त्याचें कारण बहुधा त्याच ओळींत लिहिलेलें असतें. आंकडा २५० असेल, तर पत्र समोरच्या सर्व्हरनें स्वीकारलें आहे. मग शोध गिऱ्हाइकाच्या स्पॅमच्या खणांत घ्यावा.

यानंतर ओळख तपासावी. प्रत्येक सर्व्हरला आंकड्यांचा एक आय. पी. पत्ता असतो. नांवावरून पत्ता जसा सांपडतो, तसें पत्त्यावरूनही तेंच नांव सांपडलें पाहिजे. ही उलट नोंद पुष्कळ ठिकाणीं राहून जाते. ती आपल्या डोमेनच्या नोंदींत करून सहसा भागत नाहीं. ज्या कंपनीनें आय. पी. पत्ता दिला, तिच्याकडूनच ती करून घ्यावी लागते.

ओळखीचे आणखी तीन पुरावे आहेत. पहिला एस. पी. एफ. या डोमेनच्या वतीनें कोणत्या यंत्रांनीं पत्रें पाठवावीं, याची ही जाहीर यादी होय. अशी नोंद एका डोमेनला एकच असावी. दोन झाल्यास दोन्हीही निरर्थक ठरतात. बिलें पाठविण्याचें काम बाहेरच्या सेवेकडे दिलें असेल, तर तिचेंही नांव यादींत हवें. दुसरा पुरावा डी. के. आय. एम. हा म्हणजे लाखेची मोहोर समजावी. गुप्त किल्ली सर्व्हरपाशीं राहते, उघड किल्ली डोमेनच्या नोंदींत असते, आणि मोहोर अभंग आहे कीं नाहीं हें घेणारा पडताळून पाहतो. गिऱ्हाइकानें आपलें टपाल दुसऱ्या पत्त्यावर वळविलें असेल, तर पहिला पुरावा बहुधा फसतो. पत्रांत फेरफार झाला नसल्यास मोहोर मात्र टिकते. तिसरा पुरावा डीमार्क. वाचकास दिसणारें पाठविणाराचें डोमेन पहिल्या दोन पुराव्यांपैकीं निदान एकाशीं जुळावें, आणि न जुळल्यास पत्राचें काय करावें, हें तो सांगतो. प्रारंभीं येथें केवळ अहवाल मागवावेत. ते वाचल्याशिवाय नकाराची आज्ञा देऊं नये, नाहीं तर आपलींच खरीं पत्रें आपण अडवून बसूं.

हे पुरावे आतां ऐच्छिक राहिले नाहींत. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल व याहू यांनीं प्रत्येक पाठविणाराकडे पहिल्या दोहोंपैकीं निदान एक पुरावा मागितला, आणि जीमेलच्या पत्त्यांवर दिवसास ५,००० च्या वर पत्रें पाठविणारांस तर तिन्ही सक्तीचे केले.

पुरावे पुरे असूनही नकार येत असेल, तर आपला पत्ता काळ्या यादींत गेला आहे काय, तें पाहावें. १९९८ सालीं स्थापन झालेली स्पॅमहाउस ही संस्था अशा याद्या ठेवते. नांव काढण्याचा अर्ज करण्यापूर्वीं कारण नाहींसें करावें. अनेकदां एखाद्या कारकुनाचा सोपा पासवर्ड चोरीस गेलेला असतो, आणि रात्रीं त्याच्या नांवानें हजारों पत्रें जात असतात. पासवर्ड बदलून तुंबलेली रांग साफ केल्याविना केलेला अर्ज व्यर्थ आहे. नांव पुन्हा यादींत येईल. कधीं शेजारच्या पत्त्यांच्या दोषानें सबंध गटच यादींत जातो. सुक्याबरोबर ओलेंही जळतें तें असें. अशा वेळीं पत्ता बदलून घ्यावा, किंवा पत असलेल्या सेवेमार्फत पत्रें पाठवावीं.

नव्या पत्त्याच्या बाबतींत मात्र ‘पी हळद आणि हो गोरी’ असें होत नाहीं. प्रथम ओळखीच्या गिऱ्हाइकांस थोडीं पत्रें पाठवून संख्या हळूहळू वाढवावी. विकत घेतलेल्या पत्त्यांच्या याद्यांस तर शिवूंही नये; तशा पत्रांवर लोकांनीं तक्रारी केल्या, म्हणजे मिळविलेली पत चार दिवसांत जाते.

दुरुस्ती करितांना एका वेळीं एकच बदल करावा, तो वहींत लिहून ठेवावा, आणि निरनिराळ्या सेवांवरील स्वतःच्या पत्त्यांकडे पत्र पाठवून त्याच्या मथळ्यांतील सविस्तर नोंदी वाचाव्या. तिन्ही पुरावे उत्तीर्ण झाल्याचें तेथें दिसतें. एवढें काम नियमानें पाहणारा माणूस पेढींत नसेल, तर सर्व्हर दुसऱ्याकडे सोंपविण्यांत कमीपणा नाहीं. गिऱ्हाइकाच्या हातीं त्याचें बिल वेळेवर पडलें, म्हणजे झालें.