मूळव्याध आणि जव्हार-मोखाड्याची दहा वर्षे

गुदद्वाराच्या आत रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या असतात. त्या प्रत्येकालाच असतात; मल धरून ठेवायला त्यांची मदत होते. शौचाला खडा होऊन रोज कुंथावे लागले की त्या सुजतात आणि खाली सरकतात. हीच मूळव्याध. आधी नुसते लालभडक रक्त पडते, दुखत नाही. पुढे कोंब बाहेर येतो आणि आपोआप आत जातो. मग हाताने ढकलावा लागतो. शेवटी बाहेरच राहतो. शौचाच्या वेळी कापल्यासारखी वेदना होत असेल, तर बहुधा ती भेग असते. पू वाहत असेल, तर भगंदराची शंका घ्यावी लागते.

आजार जुना आहे. सुश्रुताने त्यावर औषध, क्षार, अग्नी आणि शस्त्र असे चार उपाय सांगितले. इकडे जव्हार-मोखाड्यात, जव्हार संस्थान 1948 मध्ये विलीन झाले त्यानंतरची कित्येक वर्षे झाडपाला आणि भगत यांच्यावरच गेली. 1992 मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी सरकारला इकडे पाहायला लावले. पण लक्ष गेले ते कुपोषणाकडे. मोठ्या माणसांचे हे लाजेचे दुखणे कोणी विचारले नाही.

1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर जिल्हा झाला आणि जव्हार-मोखाडा त्यात आले. त्यानंतरचे दशक मात्र बारकाईने पाहण्यासारखे आहे, कारण मूळव्याधीची कारणे याच काळात डोळ्यांदेखत घट्ट होत गेली. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात तांदूळ 3 रुपये, गहू 2 रुपये आणि भरडधान्य 1 रुपया किलो असे दर होते. रेशनच्या दुकानात आले ते मुख्यतः तांदूळ आणि गहू. या धान्याने भूक भागली, हे नाकारता येत नाही. पण 100 ग्रॅम नागलीत सुमारे 11 ग्रॅम तंतू असतात, पॉलिश केलेल्या तांदळात जेमतेम 3. उतारावरची नागली-वरई मागे पडली आणि ताटातला चोथाही गेला. 2023 हे भरडधान्य वर्ष म्हणून जगभर साजरे झाले. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या नागली पिकवली, त्यांच्या ताटात त्या वर्षीही रेशनचा भातच होता.

पाण्याची कथा अधिक बोचणारी. पावसाळ्यात धो-धो पाऊस, आणि उन्हाळ्यात मोखाड्याच्या पाड्यांवर टँकर. मध्य वैतरणा धरण याच तालुक्यात, पाणी मुंबईला. स्वच्छ भारत अभियानात शौचालये बांधली गेली. हंडा डोक्यावरून आणावा लागतो तिथे ती वापरायची कशी? मग बाई पहाटे अंधारात परसाकडे जाते. दिवसा कळ आली तर दाबून धरते आणि पाणीही बेतानेच पिते. दिवाळीनंतर कुटुंब वीटभट्टीवर जगायला जाते. तिथे उकिडवे बसून विटा थापायच्या, ओझी उचलायची, आडोसा नाही. गरोदरपणात गर्भाचा दाब आणि लोहाच्या गोळ्यांनी होणारा मलावरोध यांची भर पडते. गोळी मात्र सोडायची नसते. पाणी आणि पालेभाजी वाढवायची असते.

‘बिनऑपरेशन इलाज’ अशा पाट्या लावणाऱ्या बोगस डॉक्टरांनी या लाजेवरच धंदा केला. जळजळीत औषधाच्या इंजेक्शनाने गुदद्वार आकसते आणि साधे दुखणे आयुष्यभराचे होते. खरा इलाज इतका अवघड नाही. नागलीची भाकरी, टाकळा-कुरडूची भाजी, भरपूर पाणी, इसबगोल, कोमट पाण्यात बसणे आणि कळ न दाबणे, एवढ्यावर सुरुवातीची मूळव्याध बहुतेकदा आटोक्यात येते. न आल्यास 1963 पासून रूढ असलेली रबरबँडची पद्धत आहे. नळीतून कोंबाच्या बुडाशी छोटे कडे बसवतात. तिथे वेदनेच्या नसा नसल्याने भूल लागत नाही. रक्तपुरवठा तुटून कोंब आठ-दहा दिवसांत गळतो, तेव्हा थोडे रक्त जाते. कायम बाहेर राहणाऱ्या कोंबालाच सहसा शस्त्रक्रिया लागते. ‘लेझर’ हा शब्द ऐकून पहिल्या पायरीच्या रुग्णाने नाशिकला जाऊन कर्ज काढण्याचे कारण नाही.

रोज थोडे रक्त गेले तरी पांडुरोग वाढतो. सिकलसेल हा रक्ताचा आजार असलेल्याला तो अधिक जड जातो. चाळिशीनंतर पहिल्यांदाच रक्त दिसले, शौचाची सवय बदलली किंवा वजन घटले, तर मूळव्याध समजून गप्प बसू नये. बोटाने तपासणी आणि गरजेनुसार दुर्बिणीने आतडे पाहून कर्करोग नाही याची खात्री करावी लागते.